रविवारच्या लाटा

घराच्या मागच्या खोलीत, जिथं पूर्वी फिनलेचे ओले बूट आणि सासूबाईंची मोडकी खुर्ची असायची, तिथं वीज कंपनीच्या लोकांनी एक पेटी आणून ठेवली आणि छपरावर एक उंच काठी उभी केली. कड्यापासून दोनेक मैल आत, समुद्रात, पिवळा तरंगता बोया सोडला. तो लाटेबरोबर वर जायचा, खाली यायचा, आणि किती वर गेला, किती वेळानं पुन्हा वर आला, ते या पेटीला कळवायचा. पेटी ते पुढं कळवायची. आणि पेटी चालू आहे ना, हे बघायला मी. म्हणजे आमच्या स्कारव्हिक गावात अख्ख्या अटलांटिकवर नजर ठेवायचं काम माझ्याकडं होतं, आणि नजर ठेवण्यात माझा हात धरणारं लुईस बेटावर दुसरं कुणी नाही. माझा नवरा फिनले म्हणतो, पाद्रीसाहेब प्रार्थनेला डोळे मिटायला सांगतात तेव्हासुद्धा डोलिना एक डोळा उघडा ठेवते. ठेवते. कुणीतरी ठेवायला नको?

लाटांवर वीज करायचा कारखाना उभा राहणार होता. एक तर आमच्याकडं, नाहीतर ओर्कनी बेटांच्या एका किनाऱ्यावर. वर्षभर दोन्हीकडच्या लाटा मोजायच्या, आणि जिथं जास्त ताकद भरेल तिथं यंत्रं टाकायची, असं कंपनीनं ठरवलं होतं. किनाऱ्यावर एक वीजघर आणि त्यावर देखरेखीला एक माणूस, कायमचा, गावातलाच असला तर उत्तम. आता गावातलं वीजकाम येणारं माणूस म्हणजे कोण? माझी मोराग. ग्लासगोत एका मोठ्या इस्पितळात विजेचं सगळं तीच बघते. तिची पोर, इफी, मला फोनच्या काचेत दिसते, आणि 'आजी' म्हणताना सुद्धा तिची नजर भलतीकडंच असते. मी मोरागला सांगितलं, जागा निघतेय, तू ये. ती म्हणाली, "बघू गं आई." मी तिची खोली रंगवून घेतली.

खोटं कशाला बोलू, मला विजेशी काही देणंघेणं नव्हतं. मला माझी लेक परत हवी होती, एवढंच. गावची जमीन गावच्या मंडळाची आहे. त्या मंडळाच्या प्रत्येक बैठकीत मी इतकी बोलले की शेवटी लोकांनी मी गप्प बसावं म्हणून बोयाला होकार दिला.

एकटा रॉडी तेवढा नाही म्हणत होता. रॉडी माझ्याबरोबर शाळेत होता, तेव्हापासून आमचं पटत नाही. त्याचे शेवंडांचे पिंजरे बोयाच्या आसपासच असतात. "यंत्रं आली की तिथं बोट न्यायला बंदी," तो म्हणायचा. "मग मी काय डोलिनाच्या न्हाणीत पिंजरे टाकू?" लोक हसायचे. मी त्याच वेळी मनात म्हटलं, या माणसावर लक्ष ठेवायला हवं.

पण पहिला संशय मला आला तो इंगाचा.

इंगा रेंडल ही कंपनीची इंजिनियर. तरणी पोर, केस कापलेले, बूट सदा चिखलात. जूनमध्ये ती आली, माझ्या स्वयंपाकघरात बसली, ओटच्या भाकरीवर लोणी लावत राहिली, आणि खायचं काही नाव घेईना. मी ओळखलं, बातमी वाईट आहे.

"लाटा कमी पडताहेत," ती म्हणाली.

"कमी?" मी खिडकीकडं हात केला. बाहेर कड्यावर पाणी असं आपटत होतं की ताटल्या वाजत होत्या. "हे कमी?"

"दिसायला खूप आहेत. पण बघा, लांब समुद्रात वारा किती आहे त्यावरून इथं केवढी लाट यायला हवी याचा हिशेब आम्हाला काढता येतो. हिशेब म्हणतो चार मीटर, आणि बोया म्हणतो अडीच. आणि ताकद काही उंचीच्या सरळ प्रमाणात जात नाही. उंची निम्मी झाली की ताकद पावच उरते."

"मग हिशेब चुकला असेल."

"ओर्कनीत नाही चुकला."

हं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. ओर्कनी म्हटलं, आणि तिचे कान लाल झाले.

"इंगा, पोरी, तू कुठली गं?"

"मी... वेस्ट्रेची."

"ते कुठं आलं?"

"ओर्कनीत," ती म्हणाली, आणि मग एकदम, "डोलिनाबाई, मी तशी नाहीये हं!"

"मी कुठं काय म्हटलं? भाकरी खा."

ती गेल्यावर मी फिनलेला म्हटलं, "बघितलंस? मांजराला दुधाची राखण दिली कंपनीनं. तिच्या गावाला जायची आहेत यंत्रं." फिनले चुलीपाशी बसून आपल्या पिंजऱ्याच्या दोराला गाठ मारत होता. "पोर चांगली आहे," एवढंच म्हणाला. फिनलेला सगळेच चांगले वाटतात. रविवारी चर्चमध्ये स्तोत्राची ओळ आधी तो एकटा उचलतो आणि मग सगळं गाव ती म्हणतं. वीस वर्षं त्याचा तो मान आहे. अशा माणसाला संशय घ्यायला फुरसत कुठून असणार? ते खातं घरात माझ्याकडं.

मग मी त्या पोरीच्या मागंच लागले. ती पेटी उघडायची तेव्हा मी दारात उभी. ती फोनवर बोलायची तेव्हा मी भांडी हळू घासायची. तिला काही कळेना असं नाही, एकदा ती वैतागून म्हणाली, "तुम्हीच चला ना बोयापर्यंत! काही बिघडलंय का ते तुमच्या डोळ्यांनी बघा." मला बोट लागते, तेव्हा मी फिनलेला पाठवलं. बोटही त्याचीच, कंपनीनं भाड्यानं घेतलेली. त्याला दोन दिवस आधी सांगून, सोमवारी सकाळी दोघं गेली आणि दुपारी आली. बोया ठीक. साखळी ठीक. बोयाखालची रबराची दोरी, जी ताणते आणि लाटेबरोबर त्याला मोकळं वरखाली होऊ देते, तीही ठीक.

"काहीच नाही सापडलं," इंगा म्हणाली. तिचा चेहरा इतका पडला होता की मला पहिल्यांदाच वाटलं, ही चोर नसावी. चोराला आनंद लपवावा लागतो. हिला रडू लपवावं लागत होतं. मी तिला हेरिंग मासा आणि बटाटे वाढले, आणि संशयाचं तोंड दुसरीकडं वळवलं.

ऑगस्ट उजाडला तरी लाटा कमीच. कंपनीचा निकाल शरद ऋतूत लागणार होता. मोरागला मी दर आठवड्याला सांगत होते की सगळं छान चाललंय, आणि ती दर आठवड्याला म्हणत होती, "हो का? वा." मला झोप येईना. मग एका दुपारी इंगा धावतच आली. बूटही काढले नाहीत तिनं.

"डोलिनाबाई, तुमच्याकडं रविवारी काय होतं?"

"रविवारी? काही होत नाही. हे लुईस आहे बाई. कुणी कपडे वाळत घालत नाही, बोट काढत नाही, माझी कोंबडी अंडं देते तीसुद्धा लाजत."

"मग हे बघा." तिनं तिचा कॉम्प्युटर टेबलावर उघडला. मला त्यातल्या रेघा कळत नाहीत, पण हे कळायला रेघा कळायची गरज नव्हती. सपाट, सपाट, सपाट, आणि मग एक उंचवटा. पुन्हा सपाट, पुन्हा उंचवटा. "प्रत्येक उंचवटा रविवार आहे. रविवारी बोया आणि आमचा हिशेब तंतोतंत जुळतात. शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत. बाकीचे दिवस बोया मोठ्या लाटेवर चढतच नाही. चढता चढता कुणीतरी खाली ओढल्यासारखा थांबतो."

देवानं रविवारी लाटा मोठ्या केल्या असं पाद्रीसाहेब सुद्धा म्हणाले नसते.

"कुणीतरी बोयाला बांधतंय," मी म्हटलं. "खाली कशाला तरी आखूड दोरानं जखडतंय."

"पण आम्ही बघितलं तेव्हा..."

"तुम्ही सोमवारी सकाळी गेलात. तेव्हा सोडलेला असणार."

तिनं मान डोलावली. "मग ती मोजणी दुरुस्त करता येईल का तुला?" मी विचारलं.

"येईल!" तिचे डोळे चमकत होते. "रविवार तर रविवार. लाटांना वार कुठं कळतो? वर्षभराचे रविवार घेतले तर तो इथल्या समुद्राचा प्रामाणिक नमुनाच झाला. त्यावरून बाकीचं सुधारता येईल. पण कंपनीला मी काय सांगू? बोया खोटा का बोलला, ते मला लिहून द्यावं लागेल. कारण सापडलं नाही, तर ते सगळंच फेकून देतील आणि ओर्कनीला जातील."

"कारण मी देते," मी म्हटलं. कारणाचं नाव मला पाठ होतं.

शुक्रवारी मंडळाची बैठक होती. गावच्या सभागृहात सगळे जमले, किटलीचा चहा झाला, छपराच्या गळतीवर बोलून झालं. मग मी उभी राहिले आणि रेघांचं सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, "सोमवार ते शनिवार कुणीतरी त्या बोयाचा गळा आवळतंय. रविवारी त्या माणसाला समुद्रावर जाता येत नाही म्हणून रविवारी बोया खरं बोलतो. आता तिथं पिंजरे कुणाचे आहेत आणि यंत्रं कुणाला नकोत, ते मी सांगायला पाहिजे का, रॉडी?"

रॉडीच्या बायकोनं कप खाली ठेवला. फिनले माझ्या शेजारीच होता. त्यानं माझी बाही ओढली. "डोलिना, बस खाली," तो म्हणाला. मी बाही सोडवून घेतली.

रॉडी लाल झाला. मला वाटलं, आता हा शिव्या देणार. पण तो खुर्चीत मागं रेलला आणि हळूच बोलायला लागला, ते जास्त वाईट होतं.

"डोलिना, तू शाळेत गणितात माझ्यापुढं होतीस ना? मग मला एक सांग. बोयाला दोर बांधला की तो बांधलेला राहतो. त्याला रोज कुणी धरून बसावं लागत नाही. बरोबर?"

"मग?"

"मग मी बांधला असता, तर तो रविवारीही बांधलेलाच राहिला असता. मी रविवारी घरी, दोर समुद्रात. माझे पिंजरे रविवारी पाण्यातच असतात, गावाला ठाऊक आहे. शेवंडाला आत जायचं असेल तर जाऊ दे, मी काही त्याला हाक मारायला जात नाही. या धक्क्यावरचे सगळेच तसं करतात." तो थांबला. "तुला माझ्यासारखा लबाड नकोय, बाई. तुला असा लबाड पाहिजे, जो शनिवारी संध्याकाळी मुद्दाम बोट काढून दोर सोडतो. आपला दोरसुद्धा देवाच्या दिवशी काम करता कामा नये, असं ज्याला वाटतं तो. जो शनिवारी आपले पिंजरेही उचलून आणतो."

पुढं बोलायची गरजच नव्हती. बाकीचे सगळे एकदम आपापल्या कपात बघायला लागले. स्कारव्हिकच्या धक्क्यावर शनिवारी पिंजरे उचलून आणणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्या कोटाची बाही माझ्या बाहीला लागलेली होती.

मी त्याच्याकडं बघितलं नाही. पर्स उचलली आणि चालत घरी आले. तो मागून आला. मला वाटत होतं की आता तो म्हणेल, रॉडी काहीतरीच बोलतो. जेवण झालं, भांडी झाली, तरी तो ते म्हणाला नाही.

शनिवारी दुपारी तो बूट घालायला लागला तशी मीही घातले.

"तुला बोट लागते," तो म्हणाला.

"लागू दे."

वारा नव्हता, पण पश्चिमेकडून लांब लाट येत होती, कुठल्या तरी दूरच्या वादळाची. बोट तिच्यावर चढायची तेव्हा कडे, चर्च, आमच्या घरावरची काठी, सगळं दिसायचं; उतरली की पाण्याशिवाय काही नाही. मी बाजूची फळी घट्ट धरून बसले आणि एकदा पोटातलं सगळं समुद्राला दिलं. फिनलेनं रुमाल पुढं केला. मी तो घेतला नाही.

बोया दिसला. लाट वर आली, तसा तो तिच्याबरोबर वर निघाला, अर्ध्यावर त्याला हिसका बसला, आणि लाट त्याच्या डोक्यावरून निघून गेली. खाली पाण्यात त्याचा पिवळा रंग दिसला आणि मग तो फसकन वर आला, गटांगळी खाल्लेल्या पोरासारखा. पुन्हा लाट. पुन्हा तसंच. मी त्या बोयाला उन्हाळाभर मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, आळशी म्हणून.

फिनलेनं आकडीनं दोर ओढला. खाली त्यानं त्याचा जुना नांगर टाकला होता. गाठ त्याचीच होती. कुठल्याही कोर्टात मी ती ओळखली असती.

"सोडू नकोस," मी म्हटलं. "काप."

त्यानं सुरी काढली आणि कापला. बोया असा उसळला की आम्ही दोघंही दचकलो. पुढची लाट आली आणि तो तिच्या थेट माथ्यावर जाऊन बसला.

"सहा दिवस केलं," फिनले म्हणाला. "सातव्या दिवशी धीर झाला नाही. रविवारी ओळ उचलायला उभा राहिलो की मला दोर दिसायचा."

"आणि बाकीचे सहा दिवस देव काय झोपला होता का रे, मेल्या?" मी ओरडले. समुद्रावर ओरडायची सोय चांगली असते. "मी रॉडीला गावासमोर चोर म्हटलं! त्या ओर्कनीच्या पोरीच्या मी उन्हाळाभर मागं लागले! तू माझ्या शेजारी बसून भाकरी खात होतास! का? का केलंस?"

"शेवंडं," तो म्हणाला. "यंत्रं आली की जागा जाणार. माझ्या बापाची जागा आहे ती."

मी त्याच्याकडं बघितलं. चाळीस वर्षं बघतेय. हा माणूस खोटं बोलतो तेव्हा वाक्य आधी जमवून ठेवलेलं असतं. खरं बोलतो तेव्हा अडखळतो. हे वाक्य सुरेख आलं होतं.

"यंदा तू निम्मे पिंजरे विकलेस," मी म्हटलं. "गुडघ्यांनी जमत नाही म्हणालास. पुढच्या वर्षी बोटही विकणार म्हणालास. कुठली जागा वाचवतोयस, फिनले?"

तो इंजिनाशी खुडबुड करायला लागला. इंजिन ठीक होतं.

"फिनले. माझ्याकडं बघ."

"मोराग," तो म्हणाला.

मला वाटलं, तो किनाऱ्यावर कुणाला तरी हाक मारतोय. मी वळूनसुद्धा बघितलं.

"मोरागला... तिला यायचं नाहीये, डोलिना. तिला तिकडं, म्हणजे... तिचं सगळं तिकडं आहे. इफीची शाळा. तिचं माणूस आहे एक, चांगलं आहे, तुला सांगितलेलं नाही. नववर्षाला मी गेलो होतो ना तिच्याकडं, तेव्हा ती रडली. म्हणाली, बाबा, आईला नाही म्हणायची माझी छाती नाही. तिनं माझी खोलीसुद्धा रंगवलीय. म्हणाली, समुद्रच नाही म्हणाला असता तर किती बरं झालं असतं." त्यानं सुरी मिटली. "तिनं मला काही कर म्हणून सांगितलं नव्हतं. तिला यातलं काही माहीत नाही. मीच... मी समुद्राला नाही म्हणायला लावलं."

बोट वर गेली, खाली आली.

"मला का नाही सांगितलंस?"

तो नुसता बघत राहिला माझ्याकडं, आणि त्याच्या तोंडावर भीती होती. माझी. लाटेवर, वादळात, मी त्या माणसाला कधी भ्यालेला बघितलं नव्हतं.

"घरी चल," मी म्हटलं.

रविवार आला. फिनलेनं स्तोत्राची ओळ उचलली नाही. घसा बसलाय असं त्यानं पाद्रीसाहेबांना सांगितलं, आणि ते खोटं होतं की खरं, मी विचारलं नाही. सोमवारी सकाळी तो आधी इंगाकडं गेला, मग रॉडीकडं, मग पाद्रीसाहेबांकडं. सगळ्यांना त्यानं शेवंडांचंच कारण सांगितलं. बापाची जागा. मी शेजारी उभी होते. मी, जिला गावात कुणाच्याही खोट्याचा वास लागतो, मान डोलावत होते.

रॉडीची माफी मागायला मी वेगळी गेले. त्यानं मला दारातच उभं ठेवलं. "पुन्हा सांग," म्हणाला, "मला या कानानं कमी ऐकू येतं." मी पुन्हा सांगितलं. "आता या कानात," म्हणाला. मी त्याही कानात सांगितलं, आणि मग त्याच्या बायकोनं मला आत घेतलं. फिनलेचा ओळ उचलायचा मान गेला. आता तो माझ्या शेजारी बाकावर बसतो, बाकीच्यांबरोबर म्हणतो, आणि त्याचा आवाज मला मुद्दाम हळू केलेला ऐकू येतो.

इंगानं रविवारांवरून सगळं पुन्हा मांडलं. ऑक्टोबरात तिचा फोन आला. ती ओरडतच होती. "डोलिनाबाई, तुमचा किनारा! ओर्कनीला मागं टाकलं तुम्ही! आमच्या गावची माणसं आता मला घरात घेणार नाहीत!" तिचा आनंद खरा होता. मी तिच्यावर संशय घेतला होता, कपाळ माझं. "आणि ऐका, वीजघराची जागा निघतेय. मोरागनं अर्ज पाठवलाय, माझ्यासमोरच आहे. तिच्याइतकं लायक कुणी नाही. मी त्यांना सांगू का, तिलाच घ्या म्हणून?"

अर्ज पाठवला होता. माझ्या लेकीनं रडत रडत तो पाठवला होता, आई म्हणते म्हणून.

"दुसरं कुणी आहे का?" मी विचारलं.

"दुसरं? तुमच्या बेटावरच्याच स्टॉर्नोवेची एक मुलगी आहे. नवीन आहे, पण बरी आहे. का?"

"तिला घ्या," मी म्हटलं. "मोरागचं मी बघते."

फोन ठेवला. फिनले दारात उभा होता. मी त्याला हातानं खूण केली, जा, बाहेर जा, आणि तो गेला. मग मी मोरागला फोन लावला. पलीकडं बरेच आवाज येत होते, कुणीतरी हसत होतं, एक पुरुष काहीतरी विचारत होता. तिनं पटकन दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हां आई, बोल."

"मोराग, किनारा आपल्याला मिळाला."

"हो?" ती म्हणाली. "अगंबाई. वा. छान."

मी आयुष्यात माणसांच्या बोलण्यामागचं बोलणं ऐकत आलेय. आणि माझ्या पोटच्या पोरीच्या त्या शब्दांमागं काय आहे, ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं. वर्षभर ती असंच म्हणत होती.

"पण ऐक," मी म्हटलं. "ती वीजघराची जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली त्यांनी. स्टॉर्नोवेच्या एका मुलीला. मी खूप भांडले, पण नाही ऐकलं. तेव्हा तू आता तिकडंच राहा."

तिनं श्वास सोडला. मोठा, लांब, कित्येक महिने धरून ठेवलेला.

"बरं," ती म्हणाली. आणि मग एकदम बोलायलाच लागली. इफीचा दात पडला. इफीला पोहायला घातलंय. घरात खिडक्या नव्या बसवताहेत, आणि खिडक्या बसवायला मदत करणारं एक माणूस आहे, त्याच्याबद्दल ती मला कधीतरी सांगणार आहे. आई, नाताळात तूच ये ना इकडं, बाबांना घेऊन ये, बोटीत झोपून ये म्हणजे लागणार नाही. इतकी ती माझ्याशी वर्षात बोलली नव्हती. मी हं, हं करत राहिले. पुरा अर्धा तास ती बोलली, आणि जागा का गेली, हे काही तिनं विचारलं नाही.